विवाह, वास्तव्य आणि प्रवास

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. निवृत्त शिक्षक बोलावयास उभा राहिला की तो शिस्त, संस्कार अथवा शुद्धलेखन यांपैकी कशावर तरी बोलणार, असा आपला अंदाज असल्यास तो गैर नाही. परंतु गेल्या काही वर्षांत ज्ञातीतील कुटुंबे जे कागद वाचून घेण्यासाठी आमच्याकडे येतात, त्या कागदांनीच आजचा विषय ठरविला आहे. पूर्वी पालक मुलांचे प्रगतिपुस्तक घेऊन येत. आता भ्रमणध्वनीवर आलेले एखादे इंग्रजी सरकारी पत्र पुढे धरतात आणि विचारतात, "गुरुजी, यात काय लिहिले आहे? आमचा मुलगा बहिणीच्या लग्नाला येऊ शकेल ना?"

आम्ही कायदेपंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि शाळेत शिकविलेले इंग्रजी व भूगोल, एवढेच आमचे भांडवल. म्हणून जे छापील नियमांत आहे आणि जे आम्ही स्वतः वाचून समजून घेतले आहे, तेवढेच येथे सांगणार आहोत. कोणाचे विशिष्ट प्रकरण असेल तर त्यांनी तेथील वकिलाचा सल्ला घेतलाच पाहिजे. आमचे भाषण हे त्या सल्ल्याला पर्याय नव्हे.

विषय असा आहे. आपला मुलगा अथवा मुलगी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत जाते. तेथेच तिचा विवाह अमेरिकन नागरिकाशी होतो. पुष्कळदा तो नागरिकही मूळचा आपल्याकडीलच असतो. मग विवाहाच्या आधारे कायम वास्तव्याचा, म्हणजे सर्वजण ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात त्याचा, अर्ज होतो. निकाल लागण्यास काही महिने, कधी त्याहून बराच अधिक काळ जातो. त्या मधल्या काळात घरी काही कार्य निघते, कोणी आजारी पडते, आणि प्रश्न उभा राहतो की आता इकडे यावे की येऊ नये. आमचे सांगणे एका वाक्याचे आहे. अर्ज प्रलंबित असताना, परत प्रवेश मिळण्याची लेखी परवानगी हाती आल्यावाचून त्या देशाबाहेर पाऊल टाकू नये. आणि आपण वडीलधाऱ्यांनी ते टाकावयास लावू नये. या वाक्याचा पूर्वार्ध मुलांसाठी आहे, उत्तरार्ध आपल्यासाठी. आज आम्ही बोलावयास उभे राहिलो ते मुख्यतः उत्तरार्धासाठी.

आपल्या पणजोबांच्या काळी समुद्र ओलांडून गेलेल्यास परतताना अडविले जाई ते स्वतःच्याच ज्ञातीच्या दाराशी. आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीने अमेरिकेस गेल्या, त्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण केले, आणि परत आल्यावर आपल्याला वाळीत टाकतील की काय या प्रश्नाचाही त्यात परामर्श घेतला. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवून त्या परतल्या. ते दार आता उरले नाही. आज ज्ञातिमंडळे परदेशी गेलेल्या मुलांचा सत्कार करतात, त्यांची छायाचित्रे स्मरणिकेत छापतात. पूर्वी मायदेशी परतणे कठीण होते; आज मायदेशी येणे सोपे आणि पुन्हा तिकडे, आपल्याच पतीकडे अथवा पत्नीकडे, परतणे कठीण होऊन बसते. जुन्या पिढीला पहिल्या अडचणीची माहिती ऐकून तरी असते. दुसऱ्या अडचणीची तिला कल्पना नसते, आणि तेथेच घोटाळा होतो.

त्या देशाचा कायदा आपल्या लोकांशी नेहमीच आजच्यासारखा वागला असे नाही. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय मनुष्य नागरिकत्वास पात्र नाही, असा निर्णय दिला. त्या काळच्या कायद्याप्रमाणे अशा अपात्र ठरलेल्या परदेशीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे स्वतःचेच नागरिकत्व जाई. बंगालचे क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नीवर हा प्रसंग आला. तो नियम १९३१ साली गेला. १९४६ च्या कायद्याने भारतीयांस नागरिकत्व खुले झाले, परंतु वर्षाकाठी केवळ १०० भारतीयांस कायम वास्तव्यासाठी प्रवेश मिळे. १९५२ साली जो सर्वसमावेशक कायदा झाला, तो पुष्कळ फेरफारांसह आजही लागू आहे. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली आणि जन्मदेशावरून ठरविलेले जुने कोटे रद्द झाले. अमेरिकन नागरिकाच्या पतीस अथवा पत्नीस आज वार्षिक संख्येची मर्यादा नाही. कायम वास्तव्य मिळालेल्या, परंतु नागरिक न झालेल्या व्यक्तीच्या जोडीदारास मात्र संख्येची मर्यादा आहे आणि रांगेत थांबावे लागते. आपल्या सुनेचा अथवा जावयाचा दर्जा यांपैकी कोणता, हे घरातील पुष्कळांस ठाऊक नसते; ते आधी विचारून घ्यावे.

आता या अर्जाची रीत पाहू. मार्ग दोन आहेत. वर अथवा वधू भारतातच असेल तर अमेरिकेतील जोडीदार आय-१३० क्रमांकाचा विनंतीअर्ज करतो. तो मान्य झाल्यावर पुढील कागदपत्रे होऊन मुलाखतीसाठी बहुधा मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जावे लागते. आपल्यापैकी वयस्कांस ही वकिलात ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये असल्याचे स्मरत असेल. २०११ साली ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. या मार्गाने जाणाऱ्याने मध्यंतरी पर्यटक म्हणून अमेरिकेस भेट देण्याचा बेत केल्यास त्याला तो व्हिसा मिळणे अवघड असते. कायम राहण्याचा हेतू असलेल्या व्यक्तीस केवळ भेटीचा व्हिसा सहसा देत नाहीत, आणि कायम राहण्याचा अर्ज तर आधीच दप्तरी दाखल असतो.

दुसरा मार्ग, अमेरिकेत कायदेशीर रीतीने प्रवेश केलेल्या आणि तेथेच राहत असलेल्या व्यक्तीसाठी आहे. ती आय-४८५ क्रमांकाचा अर्ज करून तेथल्या तेथे आपला दर्जा पालटून मागते. नागरिकाच्या जोडीदारास आय-१३० आणि आय-४८५ हे दोन्ही अर्ज एकाच वेळी दाखल करता येतात. अर्जासोबतच वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि जोडीदाराचे पोषणाचे हमीपत्र द्यावे लागते; त्यानंतर बोटांचे ठसे आणि अखेरीस बहुधा दोघांची एकत्र मुलाखत, असा क्रम असतो. आजचा आपला विषय या दुसऱ्या मार्गाचा आहे.

या अर्जाचा पायाच असा आहे की अर्जदार त्या देशात आहे आणि तेथे राहूनच दर्जा मागत आहे. म्हणून निकालापूर्वी तो परवानगीवाचून देशाबाहेर गेला, तर त्याने अर्ज सोडून दिला असे कायदा मानतो. आपल्याकडे तारखेस वादी हजर राहिला नाही तर न्यायालय दावा काढून टाकते. त्याच्या बाजूचे म्हणणे खरे की खोटे, हा प्रश्नच तेथे येत नाही. येथेही तसेच. विवाह खरा आहे, जोडीदार प्रेमळ आहे, कर भरलेले आहेत, वर्तन निष्कलंक आहे, या कशाचाही उपयोग होत नाही. आईच्या आजारासाठी गेला की सहलीसाठी गेला, हेही पाहिले जात नाही.

यावर उपाय म्हणून जी परवानगी आहे तिला ॲडव्हान्स पॅरोल असे नाव आहे. आपल्याकडे पॅरोल हा शब्द तुरुंगाशी जोडलेला असल्याने एका सद्गृहस्थांनी तो वाचून अंथरूणच धरले होते! तसे भय बाळगण्याचे कारण नाही. बाहेर जाण्यापूर्वीच परत प्रवेश करू देण्याविषयी मिळालेली परवानगी, एवढाच त्याचा येथे अर्थ. तिच्यासाठी आय-१३१ क्रमांकाचा अर्ज करावा लागतो. तो आय-४८५ बरोबरही देता येतो आणि मागाहूनही देता येतो. १ एप्रिल २०२४ पासून त्यासाठी निराळे शुल्क पडते, म्हणून काही मुले खर्च वाचविण्याकरिता तो अर्ज करतच नाहीत. त्यांना आमचे सांगणे आहे की ज्याचे आईवडील वृद्ध आहेत त्याने हा खर्च वाचवू नये.

या परवानगीविषयी पाच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की अर्ज केला म्हणजे परवानगी मिळाली नव्हे. आय-१३१ ची पावती हाती आहे, निर्णय व्हावयाचा आहे, अशा वेळी बाहेर जाणे हे परवानगीवाचून जाण्यासारखेच आहे. दुसरी गोष्ट, नोकरी करण्याचे कार्ड वेगळे आणि प्रवासाची परवानगी वेगळी. काही कार्डांवर दोन्ही एकत्र दिलेल्या असत, आणि तसे असल्यास 'सर्व्हज ॲज आय-५१२ ॲडव्हान्स पॅरोल' असे शब्द त्यावर छापलेले असतात. ते शब्द नसतील तर ते कार्ड केवळ नोकरीपुरते, हे पक्के समजावे. तिसरी गोष्ट, परवानगीवर मुदत लिहिलेली असते आणि परत पोहोचण्याचा दिवस त्या मुदतीच्या आत पडावा लागतो. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे भारतातील आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली, तेव्हा नेमक्या दिवसाचा हिशेब धरून आलेल्यांची काय अवस्था झाली असेल याचा विचार करावा. चार दिवसांची नव्हे, तर चांगली ऐसपैस सवड हाती ठेवूनच निघावे. चौथी गोष्ट, आपण इकडे असताना तिकडे बोटांच्या ठशांची अथवा मुलाखतीची तारीख लागली आणि ती न कळविता चुकली, तर त्या कारणानेही अर्ज निकालात निघू शकतो. म्हणून घरचे टपाल पाहणारा कोणी मागे असावा. आणि पाचवी गोष्ट, ही परवानगी म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. विमानतळावरील अधिकारी कागद पाहून, प्रश्न विचारून अखेरचा निर्णय करतो. ज्याच्यावर पूर्वी काही गुन्हा दाखल झाला असेल अथवा ज्याच्या वास्तव्यात काही खंड पडला असेल, त्याने परवानगी हाती असली तरी वकिलास विचारल्यावाचून निघू नये.

कोणी म्हणेल की आमच्या शेजारचा मुलगा तर अर्ज प्रलंबित असताना असा कागद न घेताच आला आणि सुखरूप गेला. हे घडू शकते, आणि त्याचे कारणही नियमांतच आहे. एच-१बी अथवा एल-१ या नोकरीच्या दर्जांवर असलेल्यांस, तसेच एच-४ व एल-२ या दर्जांवरील त्यांच्या जोडीदारांस, अपवाद ठेवला आहे. त्यांचा तो दर्जा चालू असेल, नोकरदाराची नोकरी त्याच मालकाकडे असेल आणि पारपत्रावर वैध व्हिसा असेल, तर त्यांना त्या व्हिसावर परत जाता येते आणि अर्ज सुटला असे मानले जात नाही. विद्यार्थी म्हणून गेलेल्यास, पर्यटक म्हणून गेलेल्यास, अथवा वाग्दत्त वधूवरांच्या के-१ व्हिसावर जाऊन ९० दिवसांच्या आत विवाह केलेल्यास हा अपवाद नाही. तेव्हा शेजारच्या मुलाचे उदाहरण आपल्या मुलास लावण्यापूर्वी दोघांचा दर्जा एकच आहे काय, हे पाहिले पाहिजे. अपवादातही एक खाचखळगा आहे. दर्जा चालू असला तरी पारपत्रावरील व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर तो नवा करून घेण्यासाठी भारतातील वकिलातीत जावे लागते. २०२५ च्या डिसेंबरात तपासणीचे नियम कडक झाल्यामुळे भारतातील अशा अनेक भेटींच्या तारखा कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या, आणि दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर आलेली मंडळी येथेच अडकून पडली.

याहून गंभीर स्थिती, ज्यांच्या वास्तव्याची मुदत अर्जापूर्वीच उलटून गेली होती, त्यांची असते. नागरिकाचा जोडीदार कायदेशीर प्रवेश करून आलेला असेल, तर केवळ मुदत उलटली म्हणून तेथल्या तेथे दर्जा पालटण्यास त्याला सहसा आडकाठी होत नाही. या सवलतीमुळे तो निर्धास्त होतो. परंतु १९९६ साली केलेल्या आणि १ एप्रिल १९९७ पासून अंमलात आलेल्या नियमाप्रमाणे, १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून जो देश सोडतो त्याला ३ वर्षे, आणि एक वर्ष अथवा अधिक राहून जो सोडतो त्याला १० वर्षे पुनःप्रवेश बंद होतो. ही बंदी घरात बसून राहिल्याने लागू होत नाही. देशाबाहेर पडल्याने लागू होते. २०१२ साली एका भारतीय दांपत्याच्या प्रकरणात तेथील अपील मंडळाने असा निर्णय दिला की ॲडव्हान्स पॅरोल घेऊन केलेला प्रवास हा १० वर्षांच्या बंदीसाठी देश सोडणे ठरत नाही. पुष्कळांस त्याचा आधार झाला. म्हणजे पाहा, एका कागदाचा फरक, आणि परिणामात १० वर्षांचा फरक.

हे नियम प्रत्यक्ष घरांत कसे येऊन उतरतात, हे सांगण्यासाठी दोन हकीकती निवेदन करतो. नावे सांगणार नाही; कोणी तर्कही करू नये.

एका कुटुंबातील कन्या शिक्षणासाठी तिकडे गेली, शिक्षण संपल्यावर तेथील एका नागरिकाशी तिचा रीतसर विवाह झाला आणि अर्ज दाखल झाला. पुढे इकडे तिच्या चुलतभावाचे लग्न ठरले. मुहूर्त काढताना तिची अडचण कोणी विचारली नाही. ती म्हणाली, माझा कागद अद्याप यावयाचा आहे. त्यावर काका म्हणाले, "लग्न काय रोज होते? तिकडे गेलीस आणि घरच्यांस विसरलीस!" हे वाक्य तिच्या जिव्हारी लागले. हाती नोकरीचे कार्ड होते. तेवढ्याने भागेल असे कोणीसे सांगितले. ती आली, करवली म्हणून मिरवली, आणि परत निघाली तेव्हा विमानतळावरच तिला विमानात चढू दिले नाही. आय-४८५ अर्ज सुटला असे ठरले. पतीचा आय-१३० विनंतीअर्ज तेवढा शिल्लक राहिला, त्याच्या आधारे मुंबईच्या मार्गाने पुन्हा आरंभापासून सर्व करावे लागले. वर्षाहून अधिक काळ ती माहेरी आणि पती तिकडे. नोकरी गेली. माहेरी कोणी टाकून बोलले नाही हे खरे. परंतु ज्या काकांनी बोलावले त्यांना त्या वर्षभरात तिच्या डोळ्यांस डोळा देववत नसे. काका दुष्ट होते काय? मुळीच नव्हेत. पुतणीवर त्यांची माया होती, म्हणूनच रागावले. ज्ञान नसलेली माया काय करून बसते, याचा हा दाखला आहे.

दुसऱ्या कुटुंबात मुलाचा असाच अर्ज चालू असताना वडिलांस अकस्मात हृदयविकाराचा झटका आला आणि दुसऱ्या दिवशी ते निवर्तले. मुलाने परवानगीचा अर्ज केलेला होता, पण निर्णय झाला नव्हता. तो दूरध्वनीवर म्हणाला, "आई, मी जे विमान मिळेल त्याने निघतो. पुढचे पुढे पाहू." अशा घडीस कोणती आई नको म्हणेल? परंतु त्या माउलीने सांगितले, "बाळा, सूनबाईला एकटी टाकून येऊ नकोस. कागद घे आणि मग ये. इकडचे आम्ही पाहतो." थोरल्या मुलीने अग्नी दिला. ज्ञातीतील दोन-चार वृद्धांस ते रुचले नाही; पण कोणी उघड बोलले नाही, ही समाधानाची गोष्ट. इकडून मृत्यूचा दाखला त्याच दिवशी धाडला गेला, तिकडे त्याने तातडीच्या परवानगीसाठी स्थानिक कार्यालयात धाव घेतली, परवानगी मिळाली, आणि दहाव्याच्या दिवशी पहाटे तो घरी पोहोचला. तेराव्यानंतर परत गेला. पुढे त्याला कार्ड मिळाले आणि आई सहा महिने त्याच्याकडे राहून आली.

दोन्ही घरे आपलीच. दोहोंतील फरक केवळ नशिबाचा नाही. एका घरी आधी विचारले नाही, दुसऱ्या घरी विचारले.

ही तातडीची परवानगी कशी मागावी, तेही सांगतो. घरातील अतिगंभीर आजार अथवा मृत्यू अशा प्रसंगी अर्जदाराने तेथील खात्याच्या मध्यवर्ती दूरध्वनीवर कळवून जवळच्या कार्यालयात भेटीची वेळ मागावयाची असते. सोबत भरलेला आय-१३१, शुल्क, छायाचित्रे, आय-४८५ ची पावती आणि तातडीचा पुरावा न्यावा लागतो. परवानगी देणे न देणे अधिकाऱ्याच्या विवेकावर असते. पुरावा जितका स्पष्ट तितके त्याचे काम सुकर. आणि हा पुरावा तयार करावयाचा असतो आपण, येथे. रुग्णालयाचे पत्र छापील शीर्षपत्रावर असावे. रुग्णाचे संपूर्ण नाव, रोग, दाखल झाल्याची तारीख, प्रकृती गंभीर असल्याचा उल्लेख, डॉक्टरांची सही आणि शिक्का, एवढे त्यात स्पष्ट असावे. औषधांच्या चिठ्ठ्या पाठवून उपयोग नाही. कागद मराठीत असेल तर त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर करावे. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतर करणाऱ्याने लिहून सही करावी. हे काम आम्ही आनंदाने करून देऊ. त्यासाठी कोणी संकोच धरू नये.

तसेच नाते सिद्ध करणारा कागद लागतो, तो म्हणजे मुलाचा जन्मदाखला. त्यावर आईवडिलांची नावे पारपत्रावरील नावांशी जुळतात काय, हे आजच घरी जाऊन पाहावे. कोठे आईचे माहेरचे नाव असते, कोठे टोपणनाव, कोठे बाळाच्या नावाची जागा कोरीच असते. महानगरपालिकेत अथवा ग्रामपंचायतीत जाऊन ही दुरुस्ती शांतपणे करून घेण्यास वेळ लागतो. दारी रुग्णवाहिका उभी असताना ती होत नाही.

कार्ड मिळाल्यावर सर्व मोकळे झाले असेही समजू नये. ते मिळताना विवाहास दोन वर्षे झाली नसतील तर १९८६ च्या कायद्याप्रमाणे ते दोन वर्षांच्या अटीचे असते. ती मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज द्यावयाचा असतो. कार्ड हाती असताना प्रवास करता येतो, परंतु सलग वर्षभर अथवा अधिक बाहेर राहावयाचे असेल तर जाण्यापूर्वी निराळा परवाना घ्यावा लागतो. सुनेस बाळंतपणासाठी अथवा सासऱ्यांच्या शुश्रूषेसाठी दीर्घकाळ येथे ठेवून घेणाऱ्या घरांनी हे विसरू नये.

आता अखेरचे, आणि आपल्या मंडळापुरते. घरात कार्य ठरविताना, ज्याचा असा अर्ज चालू असेल त्या मुलास अथवा मुलीस आधी विचारावे, की तुझा कागद आला काय, आणि त्याची मुदत किती. पंचांग उघडण्यापूर्वी हे उत्तर घ्यावे. उत्तर नाही असे आले तर तारीख पुढे ढकलता येते काय ते पाहावे. येत नसेल तर त्याच्यावाचून कार्य करावे, आणि त्याला दोष देऊ नये. कार्यास आलेल्या पाहुण्यांनी, "तुमचा अमुक आला नाही वाटते?" असे खोचून विचारू नये. न येणारा मुलगा घर विसरला, हा समज आपल्या ज्ञातीत फार लवकर पसरतो आणि आईबापांस तो सोसवत नाही. मग तेच मुलास गळ घालतात. म्हणजे अखेरीस दडपण येते ते ज्ञातीचेच. शंभर वर्षांपूर्वी ज्ञातीने जाणाऱ्यास अडविले. आज न येणाऱ्यास ती बोलू लागली, तर आपण काय सुधारलो?

मंडळाच्या कार्यकारिणीस आमची सूचना आहे की ज्यांची मुले परदेशी आहेत अशा कुटुंबांनी कोणते कागद घरी जुळवून ठेवावेत, याचे एक पानभर टिपण छापून घरोघर द्यावे. नियम वारंवार पालटतात, म्हणून दरवर्षी ते नव्याने तपासावे. मजकूर लिहून देण्याचे काम आम्ही पत्करतो. ज्ञातीतील जी तरुण मंडळी तिकडे स्थिरावली आहेत, त्यांनी तो पाहून दुरुस्त करून द्यावा.

 सभा संपल्यावर ज्यांना कागद दाखवावयाचे असतील त्यांच्यासाठी आम्ही व्यासपीठाच्या डाव्या बाजूस बसणार आहोत. चष्मा आणला आहे.